शेवटच्या घराचा पत्ता

२ जून

प्रोग्राममधला बग शोधताना रोज काय केलं ते लिहून ठेवावं, नाहीतर माणूस तीच चूक चार दिवसांनी नव्या उत्साहाने करतो, असं मी आजवर दुसऱ्यांना सांगत आले. आता स्वतः लिहिते. कॉम्प्युटरवर नाही, कारण तिथे इद्रीस वाचतो आणि मला त्याच्याबद्दल पुष्कळ वाईट लिहायचं आहे.

आधी हकीकत. मी आणि इद्रीस पॉलिटेक्निकला एका वर्गात होतो. तो सर्किटवाला, मी कर्नलवाली, म्हणजे यंत्राच्या मुळाशी चालणाऱ्या प्रोग्रामची. पुण्यातली नोकरी सोडून मी परत आले आणि आम्ही दोघांनी मिरकरवाड्यात, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर, मासेमारीच्या लाँचींसाठी एक यंत्र बनवलं. त्याला झकास इंग्रजी नाव आहे आणि ते कुणीही घेत नाही. सगळे 'डबी' म्हणतात. एका लाँचीवरची डबी रेडिओवरून दुसरीशी बोलते, दुसरी तिसरीशी, असं करत निरोप बंदरावरच्या आमच्या खांबापर्यंत पोचतो. मोबाइल जिथे मान टाकतो तिथे डबीने बोलायचं.

मे महिन्याच्या शेवटी इद्रीसच्या लियाकतचाचांच्या लाँचीचं इंजिन बंद पडलं, आणि नेमकी त्यांची डबीही गप्प झाली. दोन दिवस लाँच वाऱ्यावर. जयगडला येणाऱ्या एका जहाजाने बघितलं म्हणून माणसं घरी आली. शोध घेतला तर त्या आठवड्यात आणखीही काही डब्या गप्प झाल्या होत्या. फक्त त्यांच्या मालकांवर वेळ आली नव्हती.

आज मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत चाचा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "डबीचा हिरवा दिवा चालू व्हता. लांबवर एक लाँच दिसली व्हती, पण आमी खुणेला चिंध्या पेटवल्या नाय. म्हटला, डबीन सांगितलान असेल."

पावसाळी बंदी उठली की एक ऑगस्टला लाँची दर्यात जातात. तोपर्यंत दोष सापडला तर सापडला, नाहीतर सगळ्या डब्या उतरवायच्या, असं ठरलं. मीही त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

५ जून

चाचांची डबी माझ्या टेबलावर आहे आणि सोन्यासारखी चालते आहे. हिला काही झालंच नव्हतं म्हणे! सासरी भांडून आलेली मुलगी माहेरी जशी शहाण्यासारखी वागते तशी वागते आहे.

इद्रीसचं म्हणणं, दोष माझ्या कोडमध्ये. माझं म्हणणं, दोष त्याच्या सोल्डरमध्ये, खारं वारं आत शिरतं. दुपारभर भांडलो. त्याने सगळी सर्किटं पुन्हा तपासली, मी सगळा कोड पुन्हा वाचला. दोघांचंही बरोबर निघालं. त्यामुळे दोघांचाही राग वाढला.

७ जून

आज बकरी ईद. हफीजाचाचींनी, म्हणजे इद्रीसच्या आईने, सांदणं आणि नारळाचं दूध पाठवलं. मग स्वतःच आल्या, समोर बसून खायला लावलं आणि म्हणाल्या, "पुण्याला मिळतात काय गो न्यानू, अशी सांदणा?"

मी म्हटलं, नाही मिळत. "मंग?" म्हणाल्या आणि डबा घेऊन गेल्या. पुण्याचा विषय मध्येच कुठून आला कळलं नाही. पण सांदणं मऊ लुसलुशीत.

खरं म्हणजे परवा पुण्याहून फोन आला होता. जुनी कंपनी परत बोलावते आहे, जुलैअखेर कळवायचं आहे. मी नाही म्हटलं नाही. माडीवर आत रेंज येत नाही, म्हणून बाहेरच्या गॅलरीत उभं राहून बोलले. खाली बर्फ फोडायचं मशीन आणि पुढे छोट्या होड्यांच्या मासळीचा लिलाव (त्यांना बंदी नाही), त्यामुळे चांगलं ओरडून बोलावं लागलं. हे कुणाला सांगणार नाही. आईला नाही, इद्रीसला तर नाहीच. डबी हरली तर जाईन, नाहीतर बघू. तोवर गुपित.

१८ जून

सापडलं! म्हणजे बग नाही, पण बगाची सावली.

डबी किती वेळ न थांबता चालली आहे हे तिच्या पडद्यावर दिसतं. आज सहज मागचे आकडे पाहिले. एक दिवस. अर्धा दिवस. दीड दिवस. त्यापुढे कधी जातच नाही. कारण? पावसाळ्यात आमच्याकडे वीज रोज जाते! वीज गेली की डबी बंद, आली की ताजीतवानी होऊन सुरू. लाँचीवर मात्र ती बॅटरीवर सलग चालते. म्हणजे ती म्हातारी व्हायच्या आत आम्हीच तिला रोज नवा जन्म देत होतो आणि वर म्हणत होतो, बघा कशी ठणठणीत आहे.

इन्व्हर्टर आहे, पण तो इद्रीसने पंख्याला जोडला आहे. तो म्हणाला, "गो, पंखा बंद तर मी बंद." आता लाँचीचीच एक मोठी बॅटरी आणून डबीला जोडली.

२२ जून

मेली. हिरवा दिवा चालू, आणि आत सामसूम. नेमकी चाचांनी सांगितली तशी.

इतका आनंद झाला की मी इद्रीसच्या पाठीत धपाटा घातला. खालून बर्फवाल्याने विचारलं, काय झालं? इद्रीस म्हणाला, "डबी मेली!" आणि मी टाळ्या वाजवत होते. खाली काय समजले असतील देव जाणे.

२७ जून

दुसरी सावली. गप्प होणाऱ्या सगळ्या डब्यांत नवा बोर्ड आहे. जुने बोर्ड संपल्यावर आम्ही दुसरा माल मागवला होता, तसाच, फक्त मेमरी दुप्पट. जुन्या बोर्डांची एकही डबी कधी गप्प झालेली नाही.

मी लगेच निकाल दिला: मेमरीची चिप खराब. इद्रीसही खूश, कारण चिप त्याने बनवलेली नाही. मग प्रत्येक खोली तपासणारी चाचणी लावली. (मेमरी म्हणजे एका ओळीत बांधलेल्या असंख्य खोल्या, प्रत्येकीला क्रमांक. कुठली खोली कुणाला द्यायची हे कर्नल ठरवतो. तो या साऱ्याचा कारभारी.) चाचणीत मध्ये व्यत्यय नको म्हणून रेडिओ बंद ठेवला.

एकूण एक खोली उत्तम. चिप निर्दोष. पुन्हा आम्ही दोघेच संशयित.

३ जुलै

बंगळूरहून प्रोब मागवला होता. डबी गप्प झाल्यावरही तिच्या पोटात बघता येतं असं उपकरण. तो घरी पोचला असं फोनवर दिसतं आहे. घरी आलेला नाही. कुरियरवाल्याशी भांडले. तो म्हणतो, "पत्त्यावर ठेवला." मी म्हणते, पत्त्यावर मी बसले आहे!

जुलै लागला. काल लिलावाजवळ चाचा दिसले. मी बाजूच्या गल्लीतून गेले. लाज वाटली, पण गेले.

५ जुलै

प्रोब सापडला. आमच्या पलीकडे भिकाजी अण्णांनी गेल्या वर्षी बंगला बांधला, त्याच्या पडवीत. बंगल्याला कुलूप, माणसं मुंबईला, आणि माझा प्रोब तिथे बेडकांच्या संगतीत. नशीब, खोकं कोरडं होतं.

मी आईवर चिडले, जशी काही तिनेच नेऊन ठेवला. ती तांदूळ निवडत म्हणाली, "पत्ता काय घातलास?"

"नेहमीचाच. वाडीतलं शेवटचं घर."

"मंग तो शेवटच्या घरीच गेला. भिकाजीन बांधलान ना आपल्या पुढं."

"पण सगळे शेवटचं घर म्हणजे आपलंच म्हणतात!"

"ते जुने. त्यांना घर ठाव हाय. हा नवीन. तो मोजीत गेला."

कुरियरवाल्याला फोन करून माफी मागावी का, असा विचार आला. केला नाही. नंतर आई म्हणाली, लोणच्याची मोठी बरणी भरून ठेवते, "लागेल कुणाला न्यायला." कोण नेणार आहे देव जाणे. घरात आम्ही दोघीच.

९ जुलै

प्रोब जोडला आहे. पण टेबलावर रहदारी नाही, बंदरावरच्या खांबाची अधूनमधून हाक तेवढी. समुद्रात आजूबाजूच्या डब्यांचे निरोप सारखे येत असतात. म्हणून इद्रीस खाली बर्फाच्या कारखान्यात दुसरी डबी घेऊन बसला आहे आणि दिवसभर मनात येईल ते टाइप करून पाठवतो आहे. "काय पाठवू?" म्हणाला. मी म्हटलं, काहीही, वाचतंय कोण!

१३ जुलै

घाईत लिहिते आहे, अक्षर वाईट येणार.

सकाळी डबी गप्प झाली. प्रोबने आत डोकावले. लाँच कुठे आहे त्याचा नकाशा काढणारा प्रोग्राम मधोमध फाटला होता. जिथे त्याचे आकडे असायला हवेत तिथे भलताच मजकूर होता. अक्षरं जुळवली तर वाक्य: "न्यानू गेली तर डबीला बोलायला कोण शिकवणार."

इद्रीसचा निरोप! रेडिओवरून आलेला निरोप नकाशाच्या खोलीत! त्याला असली वाक्यं कशी सुचतात कोण जाणे, पुढेही तसलंच काहीतरी होतं, पण मी मजकूर वाचत नव्हते, मी पत्ता वाचत होते. ही खोली रेडिओची नाही. रेडिओच्या खोल्या अगदी शेवटी आहेत, तसा नियम मीच लिहिला आहे: मेमरीतल्या शेवटच्या खोल्या रेडिओला राखीव, बाकी कुणाला द्यायच्या नाहीत. ही खोली तर बरोब्बर मध्यावर होती. आलेला निरोप इथे का पडला?

आणि मग मला भिकाजी अण्णांच्या पडवीतला प्रोब दिसला.

शेवटचं घर!

रेडिओ बनवणाऱ्यांनी त्याच्या आत खोलीचा क्रमांकच कोरून ठेवला आहे. जुन्या बोर्डात तो क्रमांक म्हणजे शेवटची खोली, म्हणून माझा नियम चालला. नव्या बोर्डात ओळ दुप्पट लांब झाली. माझा कर्नल नव्या कुरियरवाल्यासारखा मोजत शेवटपर्यंत गेला आणि तिथल्या रिकाम्या खोल्यांना कुलूप घालून बसला. रेडिओ मात्र जुन्या पोस्टमनसारखा जुन्याच घरी टपाल टाकतो आहे. त्या घराला राखीव म्हणून कुणी सांगितलेलंच नाही, त्यामुळे कर्नलने ते कधीतरी दुसऱ्याला राहायला दिलं. मग आलेला प्रत्येक निरोप त्या बिचाऱ्याच्या संसारावर आदळतो.

सगळं जुळलं. कर्नल एका टोकापासून खोल्या देत जातो, मध्यापर्यंत पोचायला त्याला काही दिवस लागतात. म्हणून डबी आधी चालते आणि मग मरते. रेडिओचे निरोप उचलणारा भाग रेडिओलाच विचारतो, कुठे ठेवलंस? म्हणून तोवर कसलाच संशय येत नाही. आणि मेमरीच्या चाचणीत मी रेडिओ बंद ठेवला होता. चोराला घराबाहेर काढून चोर शोधला!

गॅलरीतून ओरडले, "इद्रीस, शेवटचं घर चुकलं!" तो बर्फाच्या लादीवरून घसरत धावत आला. त्याला समजावलं. त्याने पडद्यावरचं ते वाक्य वाचलं आणि कान लाल करून म्हणाला, "तू म्हणालीस वाचतंय कोण." मी म्हटलं, वाक्याचं सोड रे, पत्ता बघ!

१४ जुलै

दुरुस्ती एका ओळीची. शेवटून मोजायचं नाही, रेडिओलाच त्याच्या खोलीचा क्रमांक विचारायचा आणि तीच राखून ठेवायची. सव्वा महिना शोधायला, लिहायला चहा निवेपर्यंतचा वेळ.

दुसरीही एक गोष्ट बदलली. हिरवा दिवा आजवर डबीला वीज आहे एवढंच सांगत होता. आता बंदरावरच्या खांबाकडून 'पोचलं' असं उत्तर आलं तरच हिरवा. नाहीतर लाल. हे चाचांसाठी.

२४ जुलै

नव्या बोर्डांच्या डब्या बॅटरीवर दहा दिवस सलग. इद्रीसने निरोपांचा पाऊस पाडला (आता फक्त जेवणाबद्दल लिहितो). एकही मेली नाही. मी रोज उठून आधी त्यांच्याकडे बघते, मग देवाकडे.

२६ जुलै

सोसायटीची बैठक. मी कर्नलचं नाव काढलं नाही. भिकाजी अण्णांचा बंगला, कुरियरवाला आणि जुना पोस्टमन, एवढंच सांगितलं. सगळ्यांना कळलं. प्रत्येकाच्या वाडीत एक शेवटचं घर आहे आणि त्याच्यापुढे कुणीतरी बांधलेलं आहेच.

लियाकतचाचा शेवटी बोलले. "म्हंजे पोस्टमन बरोबर, कुरियरवाला बी बरोबर. पत्ता लिवणारी चुकली."

सगळे हसले. मीही हसले, पण डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "हो चाचा. आणि तुम्ही दोन दिवस वाहत होतात."

त्यांनी विचारलं, "दिव्याचा काय?" दिव्याचं सांगितलं. लाल दिसला तर काय करायचं? "चिंध्या पेटवायच्या," मी म्हटलं. त्यावर ते पहिल्यांदा हसले. "बसव मंग. पण तू येऊन बसव. इद्रीसला धाडू नको, तो बोलत बसतो."

१ ऑगस्ट

डब्या बसवून झाल्या. चाचांच्या लाँचीवर फातेहा झाली, प्रसाद मलाही मिळाला. जुम्म्याच्या नमाजानंतर लाँच सुटायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "पुण्यात दर्या हाय काय गो?"

"नाही."

"मंग तिकडं डब्या कशावर बसवतात?"

मी म्हटलं, तिकडे डब्या नसतात. "हां," म्हणाले आणि दोर सोडला. या वयात त्यांना भूगोलात रस का आला असेल?

पुण्याला मी अजून काही कळवलेलं नाही. मुदत काल संपली. कंपनीवाले म्हणाले, आणखी आठवडा थांबतो.

५ ऑगस्ट

चौथा दिवस. इथेच मरत होत्या. माडीवरच्या पडद्यावर एकेका लाँचीचा एकेक ठिपका, सगळे हिरवे. जेवण गेलं नाही.

६ ऑगस्ट

सकाळपासून चाचांचा ठिपका नाही. बाकी सगळे आहेत, तेवढेच नाहीत. इद्रीसने पंखा बंद करून इन्व्हर्टर खांबाला जोडला, स्वतःहून. मी कोड उघडून ती एक ओळ पुन्हा पुन्हा वाचली. ओळ बरोबर होती. पण ओळ तर मागच्या वेळीही मला बरोबरच वाटली होती.

दुपारी हफीजाचाची वर आल्या. त्यांचाच दीर तो. काही न विचारता माझ्या शेजारी तसबीहची माळ घेऊन जपत बसल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

आणि मग ठिपका आला. खूप लांब, आमच्या हिशोबापेक्षाही लांब. तीन लाँचींच्या डब्यांवरून उड्या मारत निरोप आला होता. इद्रीसने मोठ्याने वाचला:

"मासळीच्या मागं लांब आलो. दिवा लाल झाला, म्हणून गणपतच्या लाँचीकडं सरकलो. आता हिरवा. डबी बोलते. जाळ्यात म्हाकूल बक्कळ. न्यानूच्या आयेला सांगा, पोरीला पुण्याला सोडू नको."

इद्रीस नाचायला लागला. चाची रडत हसत होत्या. मी त्या शेवटच्या वाक्यावर अडकले.

"चाचांना पुण्याचं कसं कळलं?"

इद्रीस थांबला. चाचींनी पदर तोंडाला लावला.

"कसा म्हंजे?" इद्रीस म्हणाला. "गो, तू गॅलरीत उभी राहून अख्ख्या मिरकरवाड्याला सांगितलंस. पगार सुदिक! लिलाव थांबला व्हता."

"मशीन चालू होतं!"

"मशीन बंद केलानी. नीट ऐकू येत नव्हता म्हणून."

म्हणजे सांदणं. लोणच्याची बरणी. चाचांचा भूगोल. आणि ते वाक्य, जे मी तीन आठवडे फक्त पत्ता म्हणून वाचलं. दोन महिने सगळे मला निरोप पाठवत होते आणि मी एकही उचलला नाही. मला शरमही वाटली आणि इतकं बरंही वाटलं की काय सांगू.

इद्रीसला म्हटलं, "तू का नाही विचारलंस?"

"तू नाय म्हणाली असतीस तर बरा. हो म्हणाली असतीस तर?"

मी फोन उचलला आणि गॅलरीत गेले. खाली बर्फाचं मशीन घरघरत होतं, लिलाव रंगात आला होता. पुण्याला फोन लागला. मी कठड्याला टेकले तसं खालचं मशीन बंद झालं. लिलाववालाही बोली सोडून वर बघायला लागला.

म्हटलं, नाही येत. या वेळी मुद्दाम ओरडून बोलले.